उजेड जरा बाजूला

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडच्या घरांत भिंतीवर फोटो कुणाचे असतात? देवांचे असतात, पुढाऱ्यांचे असतात आणि गेलेल्या माणसांचे असतात. जित्या माणसाचा मोठा फोटो भिंतीला लावायची खेड्यात फारशी रीत नाही. लग्नातला असला तर असतो, तोही कोपऱ्यात. हातोहाती मोबाइल आले आणि फोटो उदंड झाले हे खरे. पण ते मोबाइलमध्येच जन्मतात आणि मोबाइल पाण्यात पडला की त्याच्याबरोबरच बुडतात. मग एखादे म्हातारे माणूस जाते. दहाव्याला तसबीर हवी असते. घरात शोधाशोध सुरू होते. ट्रंकेच्या तळाशी मतदार ओळखपत्र सापडते, नाहीतर आधार कार्ड. त्यावरचा टपाल तिकिटाएवढा चेहरा घेऊन कुणीतरी तालुक्याला पळतो आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी भलतेच कुणी माणूस काचेत बसून घरी येते.

आमच्या आजोबांचे असेच झाले. ते २०१७ साली वारले. माण तालुक्यातल्या माळावर सारा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. रंग तव्यासारखा, कपाळावर आठ्यांची नांगरट, खांद्यावर घोंगडे. तसबिरीत मात्र आजोबा गोरेपान आहेत. अंगात निळा कोट, गळ्यात टाय, मागे हिरवीगार बाग. स्टुडिओवाल्याचा हेतू वाईट नसावा. त्याच्या संगणकात कोट तयारच असतात. तो त्यांत मुंडकी बसवीत जातो आणि लोकही खूश होऊन पैसे देतात. आमच्या आजीने मात्र तसबीर हातात घेऊन विचारले होते, "ह्यो कुठला सायब आनलाय रं?" तरी ती रोज सकाळी त्याच साहेबापुढे हात जोडते. दुसरा इलाज काय?

घरातून कॉलेजच्या पायऱ्या चढणारा मी पहिलाच. वर्गात इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, शिलालेख, बखरी यांची नावे मी पाठ करतो, तेव्हा कधी कधी मनात येते, आमच्या घराण्याचे साधन काय? एक खोटी तसबीर! आजीची तरी खरी व्हावी, आणि ती बसून-बोलून असतानाच व्हावी, हे तेव्हापासून मनात होते. पुढे जे काही शिकलो ते या एका इच्छेपायी.

शिकलो ते लग्नसराईत. बारावीच्या सुट्टीत एका फोटोग्राफरच्या हाताखाली लाईट धरायचे काम मिळाले. काठीच्या टोकाला फ्लॅश बांधलेला, आणि ती काठी घेऊन मी नवरा-नवरीच्या अवतीभवती. माझे तर मत झाले आहे, की फोटो काढणाऱ्यापेक्षा लाईट धरणाऱ्याला उजेड अधिक कळतो. फोटोग्राफर फोटो पाहतो; लाईटवाला पोऱ्या चेहरा पाहतो. मी काठी एक हात डावीकडे नेली की नवरीच्या नाकाची सावली गालावर कशी सरकते, काठी खाली आली की तीच नवरी कशी तमाशातल्या राक्षसासारखी दिसू लागते, हे मी दोन हंगाम पाहिले. सूर्य वरून उजेड देतो आणि आपल्या डोळ्यांना जन्मापासून त्याचीच सवय असते. म्हणून खालचा उजेड भुताचा वाटतो. सकाळी नऊच्या सुमाराला सूर्य जिथे असतो, म्हणजे जरा वर आणि जरा बाजूला, तिथे फ्लॅश धरला की चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. दूरच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. त्याला फोटोग्राफर लोक 'रेम्ब्रां लाईट' म्हणतात. १६६९ साली वारलेल्या त्या डच चित्रकाराच्या चित्रांतले चेहरे असेच उजळलेले असतात म्हणून. आमच्या मांडवात हे नाव कुणाला ठाऊक नव्हते, पण त्रिकोण सगळ्यांना हवा असे.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मजुरीपैकी थोडी रक्कम सोडून मी तो जुना फ्लॅश मागून घेतला. कॅमेरा 'कमवा आणि शिका' योजनेच्या पैशांतून, जुनाच. त्याबरोबर काडेपेटीहून जराशा मोठ्या दोन डब्या आल्या. त्यांना ट्रिगर म्हणतात. एक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसते, दुसरी फ्लॅशला लागते, आणि मध्ये तार नसताना रेडिओलहरींनी निरोप जातो. बटण दाबले की खोलीच्या कोपऱ्यातला फ्लॅश उडतो. चार पेन्सिल सेलांवर हा सारा कारभार चालतो.

आता कुणी म्हणेल, फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच बसवायची सोय असते, तर ही उठाठेव कशाला? कारण उजेड जिथून येतो तिथूनच आपण पाहत असलो, तर सावल्या वस्तूच्या पाठीमागे दडतात आणि आपल्याला दिसतच नाहीत. सावली गेली की खोली गेली. नाक, गालफड, डोळ्यांच्या खोबणी सगळे एका पातळीवर येते. चेहरा भाकरीसारखा सपाट होतो. पोलिसठाण्यातले फोटो असे असतात आणि आधार कार्डावरचेही.

फ्लॅशचा आणि गरिबाच्या घराचा संबंध तसा जुना आहे. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाचा डेन्मार्कहून आलेला बातमीदार होता. १८८० नंतरच्या दशकात मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाडण्याची युक्ती निघाली, आणि हा गृहस्थ ती घेऊन रात्रीबेरात्री गरिबांच्या कोंदट खोल्यांत शिरू लागला. या भानगडीत त्याच्या हातून घरांना आगही लागली होती, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. १८९० साली त्याचे पुस्तक निघाले. शहरातला अर्धा समाज कसा राहतो हे उरलेल्या अर्ध्याला त्यामुळे दिसले, आणि पुढे चाळींच्या सुधारणेचे कायदे झाले त्यात त्याचा वाटा होता. त्याचे मोल मी कमी करीत नाही. पण त्यातल्या कित्येक फोटोंतली माणसे झोपेतून दचकून उठल्यासारखी दिसतात. समोरून अंगावर आलेला उजेड त्यांनी मागितलेला नव्हता. ते फोटो मी प्रथम पाहिले तेव्हा मला आमची वस्ती आठवली. सर्व्हे करायला येणारे लोक मोबाइलचा फ्लॅश असाच तोंडावर मारतात आणि निघून जातात.

असो. फ्लॅश बाजूला न्यायचा हे ठरले. पण न्यायचा कुठे? याविषयीची इंग्रजी पुस्तके वाचली म्हणजे मौज वाटते. ती सांगतात, फ्लॅशचे तोंड छताकडे करा, पांढऱ्या छतावरून उजेड मऊ होऊन खाली येईल. आमच्या घराला छत नाही, पत्रे आहेत, तेही चुलीच्या धुराने काळेभोर. त्यांच्याकडे उजेड पाठवला तर तो परत येत नाही. भिंतीवरून परतवा म्हणावे, तर भिंतीला नीळ घातलेला चुना. त्या भिंतीवरून आलेला उजेड आजीला निळी करून टाकील! पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे घर आहे त्यात आम्ही राहत नाही, एवढेच.

पण विद्या तीच, सामान आपले. उजेड मऊ का होतो हे एकदा कळले की छत्री आणि सॉफ्टबॉक्स नसले तरी अडत नाही. उजेडाचे उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने जेवढे मोठे आणि जेवढे जवळ, तेवढ्या सावलीच्या कडा विरघळतात. फ्लॅशचे तोंड साबणाच्या वडीएवढे, म्हणून सावली सुरीसारखी. ढग आभाळभर, म्हणून ढगाळ दिवशी सावलीच पडत नाही. तेव्हा फ्लॅशला मोठे करायचे. मी आजोबांचे जुने पांढरे धोतर दोरीवर वाळत घालतात तसे सोडले आणि त्याच्या मागे तीन फुटांवर फ्लॅश ठेवला. आता दिवा फ्लॅश नव्हे, धोतर! तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात काठी रोवली की स्टँड झाले. सावलीच्या बाजूला हवा तर थोडा उजेड परतवायला थर्माकोलचा एक तुकडा, गणपतीच्या जुन्या मखरातला. २०१८ च्या बंदीनंतर तो माळ्यावर पडून होता. पाठीमागे काळे घोंगडे. घोंगड्याइतका उजेड पिणारा पडदा मला कुठल्या दुकानात दिसलेला नाही.

धोतर थोडा उजेड खाते, त्याचा हिशेब धरावा लागतो. माझ्या फ्लॅशला कॅमेऱ्याचे आयएसओ ४००, छिद्र एफ ८ आणि फ्लॅशची ताकद आठव्या हिश्श्याच्या आसपास पुरते. पूर्ण ताकद वापरली तर फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद घेतो, आणि तोवर म्हातारे माणूस हसून पुन्हा गंभीर झालेले असते.

दहावीच्या विज्ञानात अंतराच्या वर्गाचा नियम होता. कला शाखेत आल्यावर मी त्याला रामराम ठोकला होता, तो असा परत भेटला. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा. आमची खोली दहा बाय बारा. भिंतीवर विजेचा बोर्ड, कॅलेंडर, उतरंड, औषधाच्या पिशव्या. हे सगळे कुठे लपवायचे? लपवायची गरजच नाही. धोतर आजीपासून तीन फुटांवर आणि भिंत धोतरापासून नऊ फुटांवर ठेवली, तर ढोबळमानाने आजीवर पडेल त्याच्या नववा हिस्साच उजेड भिंतीवर पोचतो. दारिद्र्य अंधारात जाते आणि माणूस पुढे येते. शटर १/२०० सेकंदावर ठेवले की घरातल्या बल्बचाही उजेड फोटोत जवळजवळ येत नाही. मात्र त्याहून फार वेगात जाता येत नाही; शटरचे दोन पडदे इतके जवळजवळ धावू लागतात की फ्लॅश उडतो तेव्हा फोटोचा काही भाग झाकलेलाच असतो आणि तिथे काळा पट्टा येतो.

यात रंगाचा प्रश्न उरतोच, आणि माझ्या लेखी तोच मुख्य आहे. पूर्वी रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एक नमुन्याचे कार्ड असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. बाकीच्या जगाने तिच्या मापात बसायचे! आज मोबाइलमध्ये चेहरा आपोआप उजळवणारी सोय असते, तीही त्याच घराण्यातली. सावळ्या कातडीची गोष्ट अशी, की ती उजेड कमी परतवते पण चकाकते जास्त. समोरून फ्लॅश मारला तर कपाळावर नि नाकावर पांढरे ठिपके येतात आणि बाकीचे अंधारात राहते, मग स्टुडिओवाला म्हणतो, "काळा आलाय, जरा गोरा करून देतो." तीच चकाकी बाजूच्या मोठ्या उजेडाने आली तर गालाच्या उंचवट्यावरून लांब, मऊ ओघळते, तेल दिलेल्या शिसवी लाकडावरून उजेड सरकावा तशी. चेहरा गोरा करावा लागत नाही. उजेड जरा बाजूला करावा लागतो.

आजीला बसवणे मात्र या सगळ्याहून अवघड होते. फोटो काढला की आयुष्य घटते, असे तिच्या पिढीत मानत. आधार कार्डाच्या वेळीही ती रेशन बंद होईल या भीतीनेच गेली होती. धोतर, डबा, घोंगडे पाहून तिने एकच प्रश्न विचारला.

"भिंतीला लावाया काडतुयास काय रं फोटू?"

मी गप्प राहिलो. खोटे कसे बोलायचे? धाकटी बहीण थर्माकोल धरून उभी होती, तिने खाली पाहिले. आजीच पुढे म्हणाली, "काड. पर सायब करू नगंस मला."

"न्हाई करत, आज्जे. हायेस तशीच काडतो."

"आन् गोंदान येऊ दे."

आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. आधार कार्डावरच्या फोटोत ते नाही. समोरच्या झगझगाटात विरून गेले. आता निळे-हिरवे ठिपके फिके झालेत, सुरकुत्यांत थोडे सरकलेत. ते दिसायचे तर उजेड किती बाजूला न्यावा? फार बाजूला नेला तर सुरकुतीची प्रत्येक सावली गडद होते आणि तिच्यात गोंदण हरवते. समोर आणला तर सपाटी. धोतराची दोरी मी खिळ्यावरून खिळ्यावर हलवीत गेलो. फ्लॅश उडाला की आजी डोळे मिटी. सातआठ वेळा असे झाल्यावर तिला त्या लखलखाटाची सवय झाली आणि तिचे बोलणे सुरू झाले. लहानपणी म्हसवडच्या जत्रेत गोंदून घेतले ते, सुई टोचताना रडू नये म्हणून आईने हातावर रेवड्या ठेवल्या ते, रडली नाही म्हणून बापाने खांद्यावर बसवून रथ दाखवला ते. आजीला बाप होता ही गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. त्या बोलण्यात तिने मान जराशी वर केली. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ टिकतो. त्यात हलणारा ओठही ठरतो. त्या एका फोटोत हनुवटीचे तिन्ही ठिपके दिसतात.

आठ बाय बारा इंचांची प्रत काढायला दिली तेव्हा पाकिटावर मी लाल शाईने लिहिले: 'चेहरा उजळू नये. गोंदण पुसू नये.' तरी दुसऱ्या दिवशी फोन आलाच. "हनुवटीवर डाग आहेत, काढून टाकू ना?" माणूस सज्जन होता, फुकट काढून देणार होता. ते डाग नाहीत, हे मला त्याला दोनदा सांगावे लागले.

प्रत पाहून आजी काही बोलली नाही. बोटाने हनुवटीवर चाचपले, आधी फोटोतल्या आणि मग आपल्या. मग ती ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवून तिने किल्ली कमरेला लावली. "मी हाय तवर भाईर काडायचा न्हाई," असा हुकूम आहे. तरी वस्तीवरच्या चार म्हाताऱ्यांना तिने तो गुपचूप दाखवला असावा. कारण गेल्या महिन्यात त्यांतल्या दोघी धुवट लुगडे नेसून दारात आल्या आणि "आमचंबी गोंदान काड" म्हणाल्या.

आईचा फोटो रात्री चुलीपुढे काढला. तिथे हिशेब उलटा. शटर १/२०० ठेवले तर जाळाचा उजेड येतच नाही, म्हणून ते १/१५ पर्यंत खाली आणायचे. फ्लॅशला त्याने काही फरक पडत नाही, पण जाळाला आत यायला वेळ मिळतो. फ्लॅशचा उजेड दुपारसारखा पांढरा आणि चुलीचा केशरी, दोघांचे जुळत नाही. मांडववाल्यांकडचा नारिंगी जिलेटीन कागद फ्लॅशवर लावला की जुळते. आईला फोटोपेक्षा भाकरी करपण्याची काळजी अधिक होती.

राहिले आण्णा. ते दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात गेलेत. हा अंक निघेल तेव्हा तिकडेच असतील. मृगाच्या आधी परततील. त्यांना घरात बसवून फोटो काढायचा नाही, हे मी ठरवले आहे. घरात ते पाहुण्यासारखे दिसतात. दिवस मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटे आभाळ गडद निळे असते. त्या वेळी माळावर आण्णा पुढे, कळप मागे. आभाळ किती गडद ठेवायचे ते शटर ठरवील, आण्णांचा चेहरा किती उजळायचा ते फ्लॅशची ताकद ठरवील. दोन्ही नळ वेगवेगळे सोडता येतात. वाऱ्यात धोतर टिकणार नाही, म्हणून धाकटीला काठी घेऊन सूर्य बुडाला त्या बाजूला उभी करीन, उजेडाची दिशा खरी वाटावी म्हणून. सेल आदल्या रात्री भरून ठेवायचे. फ्लॅश उडाल्यावर मेंढरे बुजतात की नाही, हे तेवढे आण्णांना विचारून घ्यावे लागेल.